गुरवाच्या बायकोचं मागणं

उंबरखारच्या जाखमातेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान काळुराम गुरवाच्या घरात होता. मान म्हणायचा, पण त्यात मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. चैत्री पौर्णिमेला ऊन तापायच्या आत देवळासमोर उभं राहायचं, रांगेतल्या एकेकाचा नारळ हातात घ्यायचा, त्याला काय हवं ते त्याच्या तोंडून ऐकायचं आणि तेच मोठ्या आवाजात, नीट शब्दांत देवीला सांगायचं. सांगून झालं की जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय गो आये’ म्हणायचं. मग पुढचा नारळ. दुपारपर्यंत काळुरामचा घसा बसलेला असायचा आणि संध्याकाळी सरू, म्हणजे त्याची बायको, त्याला हळद घालून पाणी द्यायची.

उंबरखार म्हणजे गडबच्या फाट्यावरून खाडीच्या अंगाला उतरलेलं गाव. एकीकडे भाताची खारी जमीन, दुसरीकडे मिठागरं आणि मधल्या उंचवट्यावर दाटीनं बसलेली घरं. चहूकडे पाणीच पाणी, पण तोंडात घ्यावा असा एक घोट नाही. विहिरी मचूळ. गोडं पाणी टँकरनं यायचं, आणि टँकर यायचा ड्रायव्हरच्या मर्जीनं. म्हणून गाऱ्हाण्यातलं पहिलं मागणं कुणा एकट्याचं नसायचं, गावाचं असायचं: गोडं पाणी दे. काळुरामच्या आजानं ते मागितलं, बापानं मागितलं, आता काळुराम मागत होता. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की त्या मागण्याला ‘व्हय गो आये’ म्हणतानाही बायका एकमेकींना भाजीचं विचारत असायच्या.

काळुरामचे नियम दोन. पहिला बापाकडून आलेला: गाऱ्हाणं घालणाऱ्यानं आपल्या घरासाठी काही मागायचं नाही. पंगतीत वाढणारा जसा सगळ्यांच्या मागून जेवतो तसं, असं बाप समजवायचा. फक्त ही पंगत कधी उठतच नव्हती. दुसरा नियम त्यानं स्वतःच लावून घेतला होता. जी वस्तू आपण डोळ्यांनी पाहिली नाही ती देवीकडे मागायची नाही. बैल पाहिलेला असतो, मूल पाहिलेलं असतं, खाडीचा बांध तर रोज पायाखाली असतो, तोवर हा नियम कुणाला जाचला नाही. नव्वद साल उलटलं आणि जाचायला लागला.

सुरुवात शिवानं केली. शिवा रोह्याला, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. तिथं कुणा साहेबाच्या घरी सामान पोचवायला गेला आणि कपडे धुवायचं यंत्र बघून आला. त्या चैत्रात त्यानं नारळ पुढे केला आणि वॉशिंग मशीन मागितलं. काळुरामनं नारळ घेतला आणि बाजूला ठेवला. हे मी बघितलेलं नाही, पुढल्या वर्षी ये म्हणाला. शिवा चिडला. देवीला सगळं कळतं, तिला तू काय समजावणार, असं त्यानं चारचौघांत ऐकवलं.

“देवीला कळत असंल रे,” काळुराम म्हणाला, “पण सांगणारा मी हाय. मला कळायला नको?”

आणि खरोखरच एका बाजाराच्या दिवशी धुतलेला सदरा घालून काळुराम पेणला गेला, एका मोठ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरला आणि यंत्र दाखवा म्हणाला. दुकानदारानं गिऱ्हाईक समजून झाकण उघडलं. काळुरामनं आत डोकं घालून पाहिलं. कपडे कुठून टाकायचे, घाण कुठून जाते, आवाज केवढा, बाई शेजारी नसली तर ते आपणहून थांबतं का, असं सगळं विचारून घेतलं. दुकानदार खुशीत आला. घरी कधी पाठवू, असं त्यानं विचारलं.

“घ्यायचं नाय,” काळुराम म्हणाला. “मागायचं हाय.”

दुकानदाराला काही उमगलं नाही, पण त्याचं डोकं खायला काळुराम थांबला नाही. पुढच्या चैत्रात त्यानं शिवाचा नारळ हातात घेऊन देवीला यंत्र असं समजावलं की ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं. पांढऱ्या पेटीसारखं असतं आई, वर झाकण, आत गोल भांडं, बटण दाबलं की गरागरा फिरतं आणि बाईचे हात मोकळे राहतात. ते सुखरूप शिवाच्या घरी येऊ दे. त्या दिवशी ‘व्हय गो आये’ जरा जोरातच निघालं.

दिवाळीच्या बोनसात यंत्र आलं. टेम्पो फाट्यावरून आत वळला तेव्हापासून पोरं मागं धावत होती. यंत्र ओटीवर बसवलं, हार घातला, पिन लावली आणि मग त्याची नळी हातात धरून शिवा उभा राहिला. नळी जोडायची कशाला? गावात नळच नव्हता. शेवटी हंड्यांनी पाणी ओतायचं ठरलं. घरात साठवलेलं मचूळ पाणी त्या पेटीनं घटाघटा पिऊन टाकलं, फेस काही आला नाही, आणि कपडे होते त्याहून जास्त पांढुरके होऊन बाहेर आले, मिठानं. दुसऱ्यांदा कुणी ते चालवलं नाही. पुढे शिवाची बायको त्यात वाल भरून ठेवायला लागली. झाकण घट्ट बसायचं, घूस शिरायची नाही, त्या दृष्टीनं यंत्र उत्तमच होतं.

दोष आला काळुरामवर. यंत्र मागितलंस तर त्याचं पाणी का नाही मागितलंस, असं लोक उघड म्हणायला लागले. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बाबांनो, पाणी तर मी दर वर्षी पहिल्यांदा मागतो. काळुरामनं ते मनाला लावून घेतलं. दुकानात यंत्र कोरडं पाहिलं आणि कोरडंच मागितलं, चूक माझी, असं तो सरूला म्हणाला. तिथून पुढे तो वस्तू बघायला गेला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हिला काय काय लागतं?

आणि बघायला त्याला फार जावं लागलं. ती वर्षंच तशी होती. रोह्याच्या कंपन्यांत पोरं लागली होती, टीव्हीवर जाहिराती यायला लागल्या होत्या, आणि माणसांना काय काय हवं व्हायला लागलं होतं याला धरबंध नव्हता. खांबहून, नागोठण्याहून पाहुणे यायचे तेही नारळ घेऊन रांगेत लागायचे. पेणच्या दुकानदाराला आता हा माणूस कळला होता. काळुराम जी वस्तू बघून जातो तिला दिवाळीला गिऱ्हाईक येतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो काळुरामला स्टूल देऊन चहा मागवायला लागला.

काळुरामनं सगळं पाहिलं. बिनवायरचा फोन कानाला लावून तो दुकानाच्या पायरीपर्यंत चालून आला. विस्तवाशिवाय शिजवणारी पेटी पाहिली आणि तिच्यातून काढलेली वाटी हाताला गार कशी लागते म्हणून तीन-तीनदा हात लावून पाहिला. धूळ ओढणाऱ्या यंत्राची सोंड पाहिली. पाय चोळायच्या यंत्रात दुकानदारानं त्याचे पाय घालायला लावले तेव्हा त्याला अशा गुदगुल्या झाल्या की तो हसत हसत स्टुलावरून खाली आला, आणि हे देवीला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणाला. तरी सांगितलं. नागोठण्याच्या एकाला विमानात बसायचं होतं. मुंबईकडे जाणारी विमानं काळुरामला रोज डोक्यावर दिसत, त्यामुळे तेवढंच त्यानं प्रामाणिकपणे मागितलं: आई, याला विमानात बसव, बाहेरून ते चांगलं दिसतं, आत काय असतं ते मला ठाऊक नाही, ते तुझं तू बघ.

लोकांची मागणी बरीचशी पुरी होत होती. ती देवीनं केली की कंपनीच्या बोनसनं, या वादात काळुराम पडायचा नाही आणि आपणही पडायचं कारण नाही. पण ज्याला टीव्ही मिळाला तो पुढल्या वर्षी मोठ्या टीव्हीसाठी रांगेत असायचा, एवढं त्याला दिसत होतं. आणि गावाचं पहिलं मागणं होतं तिथंच होतं. फ्रिज उंबरखारला पोचला, गोड्या पाण्याचा नळ पोचला नाही.

पाहून आलेलं सगळं काळुराम घरी सरूला सांगायचा. तो त्याच्या दिवसातला सुखाचा वेळ. सरू मिठागरावरून यायची. गुरवाचं घर देवीच्या दाण्यावर भागत नाही, म्हणून ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मिठागरावर जात होती. येऊन ती न्हाणीत जायची, मचूळ पाण्यानं अंघोळ करायची आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी अंगावर घ्यायची, मिठाची खाज जावी म्हणून. सगळ्या गावाची हीच रीत. त्याला गोड्याचा तांब्या म्हणत. पाहुणा आला तर त्याला दोन, आणि मग घरातल्या बाईला त्या दिवशी एकही नाही. गुरवाकडे पाहुण्यांना काय तोटा! सरूच्या पोटऱ्या आणि कोपरं बाराही महिने खरबरीत आणि खाजरी असायची. ती कधी त्याबद्दल बोलायची नाही, चुलीपुढे बसल्या बसल्या पदराच्या काठानं पोटरी घासत काळुरामच्या यंत्रांच्या गोष्टी ऐकायची आणि मधे मधे टिंगल करायची. विस्तवाशिवाय शिजणाऱ्या पेटीचं ऐकून ती म्हणाली, मग पावसाळ्यात तिच्यापुढे बसून कोण शेकणार? पाय चोळायच्या यंत्रावर तिनं नाक मुरडलं. तिला त्यातलं काहीच नको होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या सुमाराला हैबतरावांचं मागणं आलं. हैबतराव मूळचे उंबरखारचे, पण रोह्याला ठेकेदारी करून मोठे झालेले. नवीन बंगला बांधत होते आणि त्यात त्यांना बाथटब हवा होता. बसवायचा त्यांना होता, आणायचा त्यांना होता, पण गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम सुरू करायचं नाही अशी त्यांच्या आईची ताकीद होती. काळुरामनं टब पाहिलेला नव्हता. पेणच्या दुकानात तो मिळत नव्हता. तेव्हा शिवानं सांगितलं की धाटावला एका कंपनीचं गेस्ट हाऊस आहे, तिथला जगन आपल्या ओळखीचा आहे, तो दाखवील.

जगन त्या गेस्ट हाऊसची देखभाल करायचा. भला माणूस. त्यानं काळुरामला चपला काढायला लावून आत नेलं आणि टब दाखवला. काळुरामला टबाचं काही एवढं वाटलं नाही. साचलेल्या पाण्यात म्हशीसारखं पडून राहायचं, एवढंच ना, असं तो मनात म्हणाला, पण हिला काय काय लागतं हे विचारायला विसरला नाही. तेव्हा जगननं सहज म्हणून वरचा शॉवर सोडला.

वरून पाणी पडायला लागलं. बारीक धारांनी, सरळ, गरम. जगन काहीतरी सांगत होता आणि पाणी पडत होतं. काळुरामनं हात पुढे केला, ओंजळ भरून घेतली आणि जिभेला लावली. उंबरखारचा माणूस दुसरं काय करणार? पाणी गोडं होतं.

“हे प्यायचं पाणी हाय,” तो म्हणाला.

जगन म्हणाला, सगळीकडे तेच येतं, अंघोळीला, फरशी पुसायला, झाडांना, आणि नळ बंद केला.

संध्याकाळी सरू भाकऱ्या थापत असताना काळुरामनं हे सांगितलं. टबाचं दोन वाक्यांत उरकलं आणि शॉवरचं सांगायला लागला. सरूचा हात थांबला.

“किती वेळ पडतं?” तिनं विचारलं.

“बंद करीपर्यंत.”

“गोडं?”

“चाखून बघितलं मी.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. मग दुसरी घेतली नाही. हाताचं पीठ झटकत ती म्हणाली, “मला त्याच्याखाली एकदा उभं राहायचं हाय. कंटाळा येईपर्यंत.”

इतक्या वर्षांच्या संसारात सरूनं नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. बांगड्या भरायच्या तर तीच मिठागराच्या पैशातून भरायची. त्यामुळे काळुराम हसला नाही, आणि पाहू असंही म्हणाला नाही. देवीकडे हे मागता येत नव्हतं, कारण सरू त्याच्या घरातली. उरला जगन. जगनला विचारायचं, एवढंच करायचं होतं.

आणि तेच त्याला जमेना. हे ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण माणसं अशी असतात. लोकांची मागणी घसा फोडून सांगणारा हा माणूस स्वतःसाठी कुणाकडे आगपेटीची काडी मागायचा नाही. एसटीनं रोह्याला गेला, जगनशी पावसापाण्याचं बोलला, बसायला दिलेल्या खुर्चीवर अर्धाच टेकला आणि परत आला. सरूनं विचारलं तर म्हणाला, जगन कामात होता. दुसऱ्यांदा गेला तेव्हा जगननंच विचारलं, काय काम काढलंत? काळुराम म्हणाला, काही नाही, इकडून जात होतो. रोह्याहून धाटावला कुणी इकडून जात जात पोचत नाही, हे जगनलाही ठाऊक होतं, पण तो बिचारा काय बोलणार. घरी आल्यावर काळुरामनं सरूला खरं ते सांगून टाकलं. तोंडच उघडत नाही म्हणाला. सरू रागावली नाही. बरं म्हणाली आणि लामणदिवा पुसायला घेतला. ती रागावली असती तर काळुरामला बरं वाटलं असतं.

चैत्री पौर्णिमा आली. पहिलं मागणं गावाचं झालं, लोकांनी गप्पा मारता मारता ‘व्हय गो आये’ म्हटलं. मग रांग पुढे सरकायला लागली. हैबतरावांचा टब झाला, कुणाचा सिंगापूरचा प्रवास विमानापुरता झाला, शिवाला आता गाडी हवी होती ती झाली. काळुराम खाली बघूनच नारळ घ्यायचा. पुढचा नारळ त्यानं घेतला तेव्हा ज्या हातानं तो दिला त्याच्या कोपराची पांढुरकी कातडी त्याला ओळखीची वाटली. त्यानं वर पाहिलं. सरू रांगेत उभी होती, ठेवणीतलं चांगलं लुगडं नेसून.

आता काय करायचं? रांगेतल्या माणसाला विचारायचं तेच त्यानं विचारलं. “सांग, काय मागायचं?”

सरूनं मोठ्यानं सांगितलं. रोह्याला कंपनीच्या बंगल्यात वरून गोडं पाणी पडतं, त्याच्याखाली मला मन भरेपर्यंत न्हायचं हाय. मागं दोन-चार बायका फिसकन हसल्या. मग काळुरामच्या तोंडाकडे बघून हसू थांबलं. सगळ्या गावाला त्याच्या बापाचा नियम ठाऊक होता.

काळुरामनं नारळ बराच वेळ हातात धरला. मग खाली, बाजूला ठेवला. शिवाचा ठेवला होता तसाच. “तुझं मला सांगता येत नाय गो,” तो म्हणाला.

“मग माझं कोण सांगणार?”

तिनं हे भांडायच्या सुरात विचारलं नाही, खरंच विचारलं. इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी यंत्रं मागून नेली ते सगळे तिथं उभे होते आणि आपापल्या पायांकडे बघत होते.

सीताबाई पुढे आली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिला अडवायची कुणाची छाती नव्हती. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि घालू नये असं कुणी म्हटलेलंही आठवत नव्हतं. तिनं वाकून नारळ उचलला, देवीकडे तोंड केलं, आणि अडखळली. मग शेजारणीशी बोलावं तसं बोलायला लागली.

“आये, ही सरू. हिचा घरवाला आमचं समद्यांचं तुला सांगतो, हिचं कोण सांगत नाय. हिला गोड्या पाण्यात मन भरून न्हाऊ दे. कुठं, कसं, ते मी काय बघितलेलं नाय. तेवढंच.”

आता जमलेल्यांनी म्हणायचं होतं, पण कुणी म्हणेना. सगळे काळुरामकडे बघत होते. जन्मात तो शब्द त्याच्या तोंडी आलेला नव्हता, तो म्हणायचा मान जमलेल्यांचा. काळुराम आपली जागा सोडून निघाला, सरूच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “व्हय गो आये.” मग सगळं गाव म्हणालं. त्या वेळी भाजीचं कुणी बोलत नव्हतं.

शिवाला दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणतात. ते काही असो, त्याच आठवड्यात तो जगनला भेटला आणि साहेबलोक नसतील अशी एक दुपार ठरवून आला. जगन म्हणाला, हे मला आधी का नाही सांगितलं? हा माणूस दोनदा येऊन नुसता पाऊस कधी येणार तेवढं बोलून गेला.

रोह्याला जाताना सरूनं पिशवीत लुगडं घेतलं, साबणाची नवी वडी घेतली आणि घरचा तांब्या घेतला. तांब्या कशाला, असं काळुरामनं विचारलं. असू दे, म्हणाली. जगननं तिला नळ दाखवले, गरम कुठला, गार कुठला, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. काळुराम पायरीवर बसला. आतून पाण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. पुन्हा जरासा आला, पुन्हा थांबला. थोड्याच वेळात सरू बाहेर आली. केस जेमतेम ओले.

“झालं?” काळुरामनं विचारलं.

“झालं.”

तिचं तोंड बघून त्याला कळलं की काही झालेलं नाही. मग म्हणाली, “समदं पाणी भोकातून जातंय वो. गोडं पाणी. माझ्यानं बघवत नाय.” तिनं शॉवरखाली तांब्या धरून भरला होता, नळ बंद केला होता आणि तो एक तांब्या अंगावर ओतून ती बाहेर आली होती.

काळुरामला रडू आलं असतं, पण रडण्यापेक्षा त्यानं वस्तू बघायला गेल्यावर करायचा तसा तपास सुरू केला. त्यानं जगनला विचारलं, हे पाणी जातं कुठं? जगननं त्यांना इमारतीच्या मागं नेलं. भिंतीतून एक पाईप बाहेर आला होता आणि त्याच्या तोंडाशी केळीची बाग होती, कडेनं अळू माजलं होतं. जगन म्हणाला, साहेब नसले की मलाच संध्याकाळी नळी लावून हिला पाणी घालावं लागतं. सरूनं वाकून माती पाहिली. तिनं ओतलेल्या तांब्यानं पाईपाखालची चार बोटं जमीन ओली झाली होती.

“म्हणजे मी न्हाले तर केळी पिणार?”

“व्हय,” जगन म्हणाला.

तरी ती तिथंच उभी. इतक्या वर्षांची सवय एका पाईपानं थोडीच जाते! तेव्हा काळुराम तिच्याकडे वळला. शेजारी जगन होता याची त्याला लाज वाटली नाही.

“सरू, जा गो परत,” तो म्हणाला. “माझ्यासाठी जा. मला पायजे हाय, तू मन भरून न्हावंस.”

सरूनं त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या तोंडून ‘मला पायजे’ तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

पाण्याचा आवाज सुरू झाला आणि या खेपेला थांबला नाही. जगननं चहा केला, तो पिऊन झाला. जगन म्हणाला, गरम पाणी एव्हाना संपलं असेल. काळुराम म्हणाला, गारही चालेल तिला. मग त्याला बसवेना म्हणून तो मागच्या बाजूला गेला आणि केळीपाशी उकिडवा बसून पाईपाकडे बघत राहिला. आधी फेसाचं, गढूळ पाणी येत होतं. हळूहळू ते निवळलं आणि नितळ यायला लागलं, आणि येतच राहिलं. साबण संपला होता, धुणं संपलं होतं, आता सरू नुसती उभी होती. काळुरामला इतका आनंद कधी झाला नव्हता. पाणी अळवाच्या मुळापर्यंत पोचलं, तिथून कुंपणाकडे वळलं, तरी तो तिथंच बसून होता.

पाईप ठिबकायला लागला तेव्हा तो पुढे आला. सरू पायरीवर बसली होती. बोटांची टोकं सुरकुतलेली, डोळे लाल, केसांतून पाणी गळत होतं आणि ते तिनं पिळलेलं नव्हतं.

“आणखी थोडा वेळ जातेस?” काळुरामनं विचारलं. “जगन नाय म्हणणार नाय.”

“नको,” सरू म्हणाली. “पुरं झालं.”

काळुराम तिच्या शेजारी बसला. देवीपुढे उभं राहून त्यानं गावभरची मागणी ऐकली होती, दर वर्षी, न चुकता. पुरं झालं असं सांगायला आजवर कुणी त्याच्याकडे आलं नव्हतं. एसटीला अजून अवकाश होता. दोघं तिथंच बसून राहिली, आणि उन्हात सरूचे केस सावकाश वाळत होते.